विटाळलेला तंबोरा

आप्पांना मी आयुष्यात एकदाच उलटून बोलले. त्याचा मला आजही पश्चात्ताप नाही. उलट वाटतं, कमीच बोलले. माझी सून म्हणते, "आत्या, आता तुमचं वय झालं, गेलेल्या माणसावर कशाला राग धरायचा?" तिला काय सांगू? राग धरून ठेवावा लागत नाही. तो आपोआप राहतो. जात्याच्या खुंट्यासारखा हाताशीच असतो. म्हणून आज लिहायला बसले आहे. वडलांची निंदा करायला नव्हे. माझ्या सोळाव्या वर्षी जे झालं ते जसं झालं तसं एकदा कागदावर यावं, एवढ्यासाठी.

आमचं घर सिरसाळ्याला, मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या, मागच्या गल्लीत. दुकान मोंढ्यातच, वैजनाथशेटच्या गाळ्यात. वैजनाथशेट आडत्या, अर्धा मोंढा त्यांचा. सकाळी लिलावाचा गलका सुरू झाला की आमच्या परसातल्या चिमण्यासुद्धा उडून जायच्या. आप्पांचं किराणा दुकान होतं, पण त्यांचा जीव दुकानात नव्हता. पहाटे उठून कपाळाला विभूतीचे तीन पट्टे ओढायचे, तळहातावर लिंग घेऊन पूजा करायची आणि मग तासभर गायचं. माय तेव्हा चुलीपुढं भाकरी थापत असायची. तिच्या थापांचा आणि आप्पांच्या सुराचा मेळ बसलेला असायचा, जरा चुकलं की आप्पा आतूनच म्हणायचे, "आगं, पळतीस कुठं?" माय हसायची. घरात येसराची आमटी असली की त्या वासानं आप्पांचं गाणं लवकर संपायचं, हे आम्हा पोरांना पाठ झालेलं होतं.

आप्पांचा कान म्हणजे काय कान होता! गल्लीतून बैलगाडी गेली तर तिच्या कोणत्या चाकाची धाव सैल झाली आहे हे ते ओट्यावर बसून सांगायचे. पितळी तांब्या खाली पडला तर कोणता सूर निघाला ते सांगायचे आणि मग पेटीवर तो सूर काढून दाखवायचे. तोच कान मला मिळाला, असं तेच म्हणायचे. भावांपैकी कुणाला नाही, मला. मी सात-आठ वर्षांची असल्यापासून ते मला मांडीशी बसवून तंबोरा लावायला शिकवत. चार तारा, खालचे मणी सरकवून बारीक सूर मिळवायचा, आणि तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीवर प्रत्येक तारेखाली सुताचा एक तुकडा असतो तो पुढंमागं करून झणकार उघडायचा. तो झणकार म्हणजे जवारी. "तार वाजती हातानं, बोलती सुतानं," असं आप्पा म्हणायचे. दर सोमवारी महादेवाच्या मंदिरात शिवभजन व्हायचं, तिथं तेरा वर्षांची होईपर्यंत मी आप्पांच्या शेजारी बसून तंबोरा छेडत होते. मग एक दिवस माय म्हणाली, "आता मागं बायांत बसत जा." कारण विचारलं तर म्हणाली, "तसंच असतंय." पण मंदिराचा तंबोरा असायचा आमच्याच घरी, आणि तिथं तो माझ्याच हातात राहिला. पुसायचा मी, लावायचा मी, गवसणी घालून आप्पांच्या हातात द्यायचा मी.

मंदिराचा जुना तंबोरा भोपळ्यात चिरला, तेव्हा वैजनाथशेटनी मिरजेहून नवा मागवला. गोधडीत गुंडाळून तो एसटीनं आला, वाटेत एकाला सीट सोडून उभं राहावं लागलं, कारण तंबोरा बसला होता. मंदिरात पूजा झाली, पेढे वाटले. मोंढ्यातल्या चार लोकांनी हौसेनं एक पितळी पाटी करून आणली. तिच्यावर 'सप्रेम भेट', खाली वैजनाथशेटचं नाव, त्याखाली त्यांच्या वडलांचं नाव. ती पाटी तंबोऱ्याच्या तबलीवर, म्हणजे भोपळ्याच्या पुढच्या लाकडी तोंडावर, घोडीच्या खाली चार चुका, म्हणजे बारीक खिळे, मारून बसवली. चुका ठोकताना आप्पांनी डोळे मिटून घेतले होते, ते मी पाहिलं. मला वाटलं, देवाचं नाव घेत असतील.

महिना-दीड महिना तंबोरा असा वाजला की ऐकत राहावं. मग एका सोमवारी त्यात काहीतरी शिरलं. जवारीचा झणकार कसा असतो, तर पाण्यावर ऊन पडावं तसा. हे तसं नव्हतं. पत्र्याच्या डब्यात गांधीलमाशी अडकावी तशी खरखर होती. सतत नाही, अधूनमधून. भजनाचे मुख्य गाणारे बुवा वरच्या सुरात गेले की ती माशी जागी व्हायची. बुवा थांबायचे, तंबोऱ्याकडं बघायचे, पुन्हा सुरू करायचे, पुन्हा खर्रर्र. दोन सोमवार असे गेले. लोक हसू दाबू लागले. बुवांना हसणं सोसत नसे.

तिसऱ्या सोमवारी त्यांनी टाळ खाली ठेवले आणि सगळ्यांपुढं म्हणाले, "काशिनाथआप्पा, तंबोरा तुमच्या घरी आसतोय. घरात पोरगी मोठी झाली हाय. कुणाचा नको त्या टायमाला हात लागला आसंल. देवाची वस्तू हाय, लई नाजूक आसती."

मंदिरात पन्नासेक माणूस होतं. बायांच्या सगळ्या माना माझ्याकडं वळल्या. सोळा वर्षांच्या पोरीला आपलं अंग कुठं ठेवावं हे आधीच कळत नसतं, त्यात पन्नास माणसांनी ते हिशोबात घेतलं. मी आप्पांकडं पाहिलं. मला खात्री होती की ते आता बोलतील. कारण आमच्यात, लिंगायतांत, विटाळ मानायचा नसतो. हे कुणी बाहेरच्यानं सांगितलेलं नाही, श्रावणात याच मंदिरात, याच खांबाला टेकून आप्पा प्रवचन करायचे आणि दरवर्षी ठणकावून सांगायचे, "लिंग धारण केलेल्या बाईला विटाळ न्हाई. ज्याला दिसतोय त्याच्या डोळ्यात तो हाय." आता ते हेच म्हणतील म्हणून मी वाट पाहिली. आप्पांनी गवसणीची नाडी बांधली. पहिली गाठ चुकली, ती सोडून दुसरी मारली. आणि "चला, आरती घ्या," म्हणाले.

त्या गाठीवर माझा आजपर्यंत राग आहे.

दुसऱ्या दिवसापासून तंबोरा देवघरात उंच खुंटीला गेला. बुवा स्वतः येऊन गोमूत्र शिंपडून गेले, आप्पांनी त्यांना चहा दिला. मला हात लावायची बंदी झाली, तीही कुणी तोंडानं सांगितली नाही. खुंटी माझ्या हाताच्या वर होती, एवढंच. आडावर पाण्याला गेले की पोरी घागरी बाजूला घ्यायच्या. "निमे, आमच्या घागरीला हात नको लावू गं, वाजायला लागंल," एक म्हणायची आणि बाकीच्या पदर तोंडाला लावायच्या. मी घरी येऊन मायवर ओरडायचे. माय ऐकून घ्यायची आणि ताटात धपाटं वाढायची, वर लोण्याचा गोळा. जणू मला भूक लागली होती!

मग परळीहून एक पेटी दुरुस्त करणारा बोलावला. त्यानं दोन वेळा तारा छेडल्या, "जवारी बसलीया" असं म्हणाला आणि कानस काढून घोडी घासायला बसला. ओट्यावर दोन तास ती करकर चालली होती. मी दाराआडून बघत होते, माझ्या दातांतून कळ जात होती. आप्पाही तिथंच बसले होते, पण रस्त्याकडं तोंड करून. घासून झाल्यावर तंबोऱ्याचा गोडवा गेला, आवाज ठोकळ्यासारखा कोरडा झाला आणि माशी होती तिथंच राहिली. बुवा म्हणाले, "बघा. कारागिराचा बी इलाज चालंना. म्या म्हनलं ते खोटं न्हाई."

त्याच आठवड्यात दिंद्रुडला एका नात्यातल्या पोरीची सुपारी फुटायची, म्हणजे लग्न पक्कं व्हायचं होतं. सगळे निघाले. माय माझ्या नजरेला नजर न देता म्हणाली, "तू ऱ्हा घरी. उगं बाया बोलत्यात." जीप गल्लीबाहेर गेली आणि मी दाराला आतून कडी घातली. पाटावर पाट ठेवून तंबोरा खाली काढला. मला तो दुरुस्त करायचा नव्हता, खरं सांगते. मला तो आपटायचा होता. ओसरीच्या फरशीवर एकदाच, आणि मग काय करायचं ते करा. पण मांडीवर घेतला, एक तार छेडली आणि घासलेल्या घोडीतून तो मेल्यासारखा आवाज आला. तेव्हा वाटलं, याला कशाला मारू? आम्ही दोघं एकाच कोर्टातले गुन्हेगार.

मग डोकं चालवायला लागले. आधी एकेक तार उतरवून पाहिली. कोणतीही तार उतरवली तरी बाकीच्यांवर खरखर येतच होती, म्हणजे दोष एका तारेचा नव्हता. सुताचे तुकडे काढले, खालवर केले, मणी सरकवले. काही फरक नाही. तेव्हा एक गोष्ट सुचली, ती कशी सुचली ते देवाला ठाऊक. सगळ्या तारांतून मायचं जुनं लुगडं आतबाहेर ओवलं, तारा पार मुक्या केल्या, आणि तबलीजवळ तोंड नेऊन 'आ' लावला. खालच्या षड्जापासून हळूहळू वर चढत गेले. पंचमाच्या जरा वर पोचले आणि खर्रर्र! मी गप्प झाले, ती गप्प झाली. पुन्हा तोच सूर, पुन्हा खर्रर्र. तारा मुक्या, घोडीचा संबंध नाही, तरी माशी बोलते आहे. म्हणजे जवारीचा दोष नव्हताच कधी. अंगावरचं काहीतरी सुटलं होतं. परळीच्या माणसानं निरोगी दात उपटला होता.

सूर लावताना दोन्ही हात तंबोऱ्याला धरायला लागत होते, म्हणून मी परातीत मूठभर कणीक भिजवली. तिचे छोटे गोळे केले आणि संशयाच्या एकेका जागी चिकटवून सूर लावत गेले. खुंट्यांना लावली, खरखर आहेच. मण्यांना लावली, आहेच. गळ्याच्या जोडावर, कडेच्या नक्षीच्या पानांवर, भोपळ्याच्या पाठीवर, आहेच. माझा घसा बसायला आला. शेवटी एक गोळा त्या पितळी पाटीच्या कोपऱ्यावर दाबला आणि सूर लावला. गप्प. एकदम गप्प. गोळा काढला, खर्रर्र. लावला, गप्प. घोडीवरचं सूत घेऊन पाटीच्या त्या कोपऱ्याखाली घातलं तर ते सरळ आत गेलं. एक चूक केसभर वर आली होती, बाकी काही नाही. एका चुकेसाठी पन्नास माणसांनी माझ्याकडं बघितलं होतं.

संध्याकाळी माय आली तेव्हा मी तशीच ओसरीत बसले होते, मांडीवर तंबोरा, त्याला कणकेची ठिगळं. मला वाटलं माय ओरडेल. तिला मी सगळं करून दाखवलं, गोळा लावून आणि काढून. माय खाली बसली आणि हळू म्हणाली, "तुझ्या आप्पाला ठाऊक हाय, निमे."

"काय ठाऊक हाय?"

"पाटी वाजती ते. पहिल्या दिवशीच मला म्हनले होते. म्हनले, कुणाला बोलू नको. गाळा शेटचा हाय."

सकाळी मी दुकानात गेले. आप्पा तराजूत साखर जोखत होते. गिऱ्हाईक नव्हतं, घरच्या पुड्या बांधून ठेवायचं काम चाललं होतं. मी म्हटलं, "आप्पा, पाटी वाजती ते तुमाला ठाऊक होतं?"

त्यांनी तराजूवरून नजर काढली नाही. "व्हय."

"मग बुवा माझं नाव घेत होते तवा गप कावून बसलात?"

"तुझं नाव म्या न्हाई घेतलं."

"तुमी 'न्हाई' आसं बी म्हनलं न्हाई. श्रावणात तर लई सांगता, विटाळ न्हाई म्हनून. ते काय दुसऱ्यांच्या पोरींसाठी हाय?"

"निमे, हळू बोल. शेजारी हायती." त्यांनी चिमूटभर साखर काढली, पुन्हा घातली. "त्यांच्या नावाची पाटी वाजती म्हनून कसं सांगावं मानसानं? उद्या गाळा खाली करा म्हनले तर तुमाला घालू काय खायला? तुझं काय, चार दिसांत लोक इसरतात."

"मी न्हाई इसरणार," मी म्हटलं. "आन् पेटीवाला घोडी घासत होता तवा बी तुमाला ठाऊक होतं. तंबोऱ्याची बी कीव आली न्हाई तुमाला. तुमी भेकड हायत, आप्पा."

आमच्या घरात बापाला असं बोलायची रीत नव्हती. ते मारतील म्हणून मी वाट पाहत उभी राहिले. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी पुडीला दोरा गुंडाळला.

पुढच्या सोमवारी मी मंदिरात गेले ती बायांत बसलेच नाही. वैजनाथशेट त्या दिवशी आले होते, पुढं तक्क्याला टेकून बसले होते. बुवांनी तोंड उघडायच्या आत मी मधोमध गेले, आप्पांच्या हातातून तंबोरा घेतला. आप्पांनी सोडला. बुवा ओरडले, "आगं ए, काय करतीस!" मी त्यांच्याकडं बघितलंही नाही. बरोबर आणलेलं मायचं लुगडं तारांत ओवलं, तबलीला तोंड लावलं आणि तो सूर लावला. खर्रर्र सगळ्या मंदिरात वाजलं. मग अंगठा पाटीवर दाबला आणि तोच सूर लावला. नुसता माझा आवाज. पुन्हा सोडला, पुन्हा खर्रर्र. तीन वेळा करून दाखवलं, म्हणजे कुणाला शंका नको.

"शेटजी," मी म्हटलं, "हे तुमचं नाव वाजतंय. माझा हात न्हाई."

कुणीतरी "आई गं" म्हणालं. वैजनाथशेट उठले, पुढं आले, वाकून पाटी पाहिली, नखानं कोपरा हलवला. आणि हसले. साधं, मोकळं हसले. "एवढंच व्हय? मग काढा की बे ती! म्या कधी म्हनलो पाटी लावा म्हनून? तुमीच लावली. मला सांगितलं कावून न्हाई कुणी?" मोटारीतून पक्कड मागवली आणि चारही चुका त्यांनी स्वतः उपसल्या. पाटी कुडत्याच्या खिशात टाकली आणि पुन्हा तक्क्याला जाऊन बसले. पान लावायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात सगळं संपलं.

लोकांना वाटतं, त्या क्षणी माझं समाधान झालं असेल. उलट तेव्हाच खरा संताप आला. शेट रागावले असते, गाळा काढून घेतला असता, तर निदान आप्पांच्या भीतीला काही किंमत राहिली असती. ज्याच्या भीतीनं मला पन्नास माणसांत विटाळवली, त्या माणसाला काही पडलेलंच नव्हतं. त्याला कुणी विचारलंसुद्धा नव्हतं. विचारण्यापेक्षा पोरीचा बळी देणं सोपं वाटलं होतं.

बुवांनी घसा साफ केला. "पोरीचा कान चांगला हाय," ते म्हणाले. "ये गं, बस हितं. आज तूच छेड तंबोरा."

"माझा विटाळ कधी फिटला, बुवा?" मी विचारलं.

ते टाळ शोधू लागले. मी तंबोरा खाली ठेवला, हळूच ठेवला, आणि बाहेर पडले. त्या मंदिराच्या भजनात मी नंतर कधी बसले नाही. दोन वर्षांनी लग्न होऊन सासरी, कडा गावाला, आले. इथं गेली कित्येक वर्षं माझ्याकडं मुली गाणं शिकायला येतात. आता मोबाइलातच तंबोरा वाजतो. त्याला ना भोपळा, ना घोडी, ना कुणाचा विटाळ. मुली विचारतात, बाई, तुम्ही सिरसाळ्याला माहेरी राहायला का जात नव्हता? मी म्हणते, ऊन फार असायचं.

पण आप्पांचं सांगायचं राहिलं. मंदिरातल्या त्या प्रकारानंतर पाच-सहा दिवस गेले. माझ्या बोलण्याबद्दल त्यांनी मला रागावलंही नाही. मग एका दुपारी ते दुकान बंद करून घरी आले. तंबोरा ओसरीत सतरंजीवर आडवा ठेवला, शेजारी काचकागद, सुताची गुंडी, आणि चुकांची भोकं बुजवायला लाखेची कांडी. मला हाक मारली नाही. नुसते बसून राहिले. मी आतून बघत होते. मला जायचं नव्हतं. पण तंबोऱ्याचा काय दोष? मी जाऊन समोर बसले. आप्पांनी भोकांत लाख वितळवून भरली. मग त्यांनी तारा उतरवायच्या, मी काचकागदानं घोडीवर चार हात मारायचे, बोट फिरवून बघायचं, पुन्हा तारा चढवायच्या, सूत घालायचं, ऐकायचं, पुन्हा उतरवायच्या. परळीच्या माणसानं दोन तासांत घालवलेलं आणायला आम्हाला तीन दुपारा लागल्या. मायनं मध्ये चहा आणून ठेवला, तो निवून गेला.

तिसऱ्या दिवशी उन्हं कलता कलता खर्जाच्या तारेचा झणकार उघडला. मग जोडीच्या तारांचा, मग पंचमाच्या तारेचा. पाण्यावर ऊन पडलं. आप्पा डोळे मिटून ऐकत राहिले, त्यांचा चेहरा पूर्वीसारखा झाला, मला मांडीशी बसवायचे तेव्हासारखा. तसेच डोळे मिटून ते म्हणाले, "निमे, बघ बरं, लागला का बराबर?"

मी तारांवरून हात काढला.

"मला कशाला इचारता, आप्पा?" मी म्हटलं. "तुमाला तर सगळं ऐकू येतंय."